विभाग नव्या इमारतीत हलतोय, आयटी सपोर्टला मी एकटा. अनुभवी मंडळींनी बोला

तारवाला | १३ सप्टेंबर २०२५, रात्री ११.१०

मंडळी, मी एका विद्यापीठाच्या विभागात कंत्राटी आयटी सपोर्टला आहे. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका, कंत्राट दर अकरा महिन्यांनी रिन्यू होतं. विभाग सध्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या वरच्या दोन मजल्यांवर आहे. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे, नवी इमारत झाली आहे. तिथला चौथा मजला आमचा.

सामान असं: एक लॅब ३० मशिनांची, दुसरी २५ ची, ऑफिसात सहा, अकरा प्राध्यापकांकडे एकेक, दोन सर्व्हर, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं एक जुनाट मशीन, नऊ प्रिंटर, पाच प्रोजेक्टर. माणसं दोन: मी आणि आमचे लॅब अटेंडंट काका. काका ३० सप्टेंबरला निवृत्त होतायत.

शिफ्टिंग आज-उद्याच व्हायचं होतं, पण पितृपक्षात नव्या जागेत पाऊल नको असं ऑफिसने ठरवलं. पुढच्या रविवारी सर्वपित्री. म्हणून आता २७-२८, शनिवार-रविवार. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, उद्घाटन. ते हलणार नाही कारण पत्रिका छापून झाल्या. ६ तारखेपासून अंतर्गत परीक्षा, त्याही लॅबमध्ये ऑनलाइन.

सर म्हणतात, "त्यात काय एवढं, टेम्पोत टाकायचं, तिकडे प्लग लावायचा." मला दोन रात्री झोप नाही. कुठून सुरुवात करू?

चेंदणी कोळीवाडा | १३ सप्टेंबर, रात्री ११.२५

पितरांचे आभार माना. दोन आठवडे वाढवून दिले त्यांनी, आमच्या कंपनीत कोणी दोन तास देत नाही.

ऐरोलीचा आडवा | १४ सप्टेंबर, सकाळी ८.०५

सामान बांधायचा विचार आत्ता सोडा. आधी रिकाम्या नव्या इमारतीत जा. बरोबर केबल टेस्टर, मल्टिमीटर, एक लॅपटॉप, आणि जमलं तर काका.

पहिलं, भिंतीतले नेटवर्क पॉइंट मोजा. नकाशावर किती आहेत ते नाही, भिंतीत किती आहेत ते. प्रत्येक पॉइंट रॅकपर्यंत (सगळ्या तारा जिथे येतात ते कपाट) टेस्टरने वाजवून घ्या आणि दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. ठेकेदार एका टोकाला लिहितो आणि दुसऱ्या टोकाला देवाचं नाव घेतो. भिंतीतली कॅट सिक्स केबल पॉइंटपासून रॅकपर्यंत ९० मीटरच्या आत हवी, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १००. लांबलचक मजला असेल आणि रॅक एका कोपऱ्यात, तर दुसऱ्या टोकाच्या खोल्या हमखास या हद्दीबाहेर जातात. तसल्या पॉइंटवर लिंक येते, दिवा लागतो, आणि फाइल कॉपी करायला घेतली की रडगाणं. अशा वेळी लोक कॉम्प्युटर बदलत बसतात.

दुसरं, कॅट सिक्स आणि २३० व्होल्टची वायर एकाच पाइपातून ओढली आहे का ते बघा. इलेक्ट्रिकचं आणि नेटवर्कचं काम एकाच माणसाला दिलं असेल तर ही शक्यता मोठी.

तिसरं, अर्थिंग. लोक हे विसरतात आणि मग बोर्ड जळाले की कंपनीला शिव्या घालतात. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोनच्या आसपास किंवा खाली आला तर छान. पाच-दहा दाखवत असेल तर तिथे यूपीएस जोडू नका, सर्व्हर तर नाहीच.

ग्रंथपाल नेरूळ | १४ सप्टेंबर, दुपारी १.४०

माझा मुद्दा छोटा आहे, पण नंतर फार महागात पडतो. नव्या इमारतीत इंटरनेटची लाइन वेगळी असणार ना? मग बाहेर दिसणारा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, तोही बदलणार. आणि जर्नल्स वाचायला मिळतात ती त्या आयपीच्या ओळखीवर. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे संस्थांना जर्नल्स द्यायची केंद्र सरकारची योजना, सुरू झालं, त्यातही संस्था ओळखायचा मुख्य मार्ग तोच. आयपी बदलला की प्रकाशकाची साइट पीएचडीच्या मुलाला म्हणते, लेख हवा तर पैसे भरा. मुलाला वाटतं साइट बिघडली, मार्गदर्शकाला वाटतं मुलगा आळशी.

नवा आयपी आजच मागून घ्या आणि तुमच्या ग्रंथालयामार्फत जुना ठेवून त्याच्या जोडीला नवा नोंदवा. हे मेलवर चालणारं काम आहे, आठवडा सहज जातो.

निर्लेखन समिती | १४ सप्टेंबर, दुपारी ४.१५

सगळे तारांवर बोलतायत, मी कागदावर बोलतो. तीस वर्षं याच कागदांत गेली.

एकही वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला न जुळवता खाली उतरवू नका. जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणा हवं तर, ऑडिटवाले तेच म्हणतात. प्रत्येक मशीनवरचा डेडस्टॉक नंबर, सिरीयल नंबर, कुठल्या खोलीतून निघालं, कुठल्या खोलीत गेलं आणि दोन्हीकडे सही कोणाची. टेम्पोत चढवताना एक सही, उतरवताना दुसरी. पुढे एक मॉनिटर कमी निघाला तर कंत्राटी माणूस सगळ्यात सोपा सापडतो. हे कडू आहे पण खरं आहे.

बंद पडलेलं सामानही तुम्हाला न्यावंच लागेल. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करायचा, ठराव होईपर्यंत मेलेला प्रिंटरसुद्धा विभागाचा सदस्य असतो. आणि ठराव झाला तरी भंगारवाल्याला द्यायचा नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यावा लागतो.

पोखरण रोड नं. २ | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

मूळ प्रश्न, ही ५५ मशिनं नेताच कशाला? १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. चौथ्या पिढीची आय-थ्री असतील तर त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढणारच नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. म्हणजे टेम्पोचं भाडं भरून तुम्ही कचरा घोडबंदरला नेताय.

तारवाला | १४ सप्टेंबर, रात्री १०.००

@पोखरण, अगदी मान्य. नवीन मशिनांची मागणी मी मार्चमध्येच टाकली आहे. फाइल "चालू आहे". परीक्षा ६ तारखेला आहे आणि फाइलवर परीक्षा देता येत नाही.

पोखरण रोड नं. २ | १४ सप्टेंबर, रात्री १०.२०

मग निदान एका लॅबला लिनक्स टाका.

प्राध्यापिका (हजेरीपुरती) | १५ सप्टेंबर, सकाळी ९.५०

नको हो! लिनक्सने आमच्याकडे एकदा संप घडवला होता.

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. दोन वर्षांपूर्वी आमचा विभाग नवी मुंबईतच एका इमारतीतून दुसरीत गेला. आयटीवाल्यांनी सर्व्हर वगैरे उत्तम हलवला असेल, मला माहीत नाही. मला आठवतं ते एवढंच की पहिल्या दिवशी वर्गात साठ मुलं होती आणि प्रोजेक्टर दर दहा सेकंदांनी डोळा मारत होता. तुम्हाला सपोर्ट म्हणजे रॅक, आम्हाला सपोर्ट म्हणजे सोमवारचं पहिलं लेक्चर. आधी विचारा कोणाला सोमवारी काय लागणार आहे. यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप लहान निघते.

ऐरोलीचा आडवा | १५ सप्टेंबर, सकाळी १०.३०

डोळा मारतो म्हणजे एचडीएमआय केबल लांब पडली. टेबलापासून छतापर्यंत पाइपातून फिरत गेली की १५-२० मीटर होतात आणि साध्या केबलला तेवढं झेपत नाही. कॅट सिक्सवरून नेणारा एक्स्टेंडर लावा.

@तारवाला, बाईंचं ऐका. आणि सर्व्हर हलवताना डिस्क काढून नंबर टाकून वेगळ्या न्या.

पारसिक | १५ सप्टेंबर, सकाळी ११.१५

डिस्क अजिबात काढू नका. जुन्या सर्व्हरमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या डिस्कला हात लावला की तिथेच कनेक्टर बोंबलतो. नंबर टाका, फोटो काढा, पण आतच राहू द्या. त्यापेक्षा बॅकअप बघा. अखंड फिरत असलेली डिस्क बंद केली आणि थंड झाली की पुन्हा फिरेलच असं नाही. म्हणून बॅकअप शुक्रवारी, बंद करण्याआधी, आणि तो उघडून बघायचा. एक प्रत सरांच्या कपाटात, एक तुमच्या पाठीवरच्या बॅगेत. सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एका टेम्पोत बसलेले मी पाहिले आहेत, त्या दिवशी कळव्याच्या पुलावर ब्रेक लागला आणि माझं वय पाच वर्षांनी वाढलं.

ऐरोलीचा आडवा | १५ सप्टेंबर, सकाळी ११.२०

डिस्कबद्दल आपलं जमणार नाही. बॅकअपबद्दल शंभर टक्के.

तारवाला | १८ सप्टेंबर, रात्री ९.४५

काल काकांना घेऊन नव्या इमारतीत गेलो. अहवाल देतो.

मोठ्या लॅबमध्ये पॉइंट ३० हवेत, भिंतीत २४. सहा कुठे गेले विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, त्या बाजूला कपाट येणार होतं. सर्व्हर रूम नकाशात आहे, प्रत्यक्षात ती पँट्रीच्या भिंतीला लागून आहे आणि रॅकच्या बरोबर वरून पाण्याचा पाइप जातो. काकांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि विचारलं, "देवघर केलंय का, अभिषेकाची सोय दिसतेय." रॅक समोरच्या भिंतीला सरकवून घेतला.

न्यूट्रल-अर्थ ११ व्होल्ट! खाली अर्थिंगचा खड्डा आहे, पट्टी वरपर्यंत आली आहे, चौथ्या मजल्याच्या पॅनलमध्ये जोडलीच नव्हती. दुपारी जोडली, १.६ वर आलं. आडवे, तुम्हाला मामलेदारची मिसळ लागू.

ग्रंथपाल मॅडम, नवा आयपी मिळाला आणि मेल १६ तारखेलाच गेला.

आता काकांबद्दल. जुन्या इमारतीतली प्रत्येक तार काकांनी किंवा काकांसमोर कोणीतरी टाकलेली आहे. नकाशा नाही. आहे ती काकांची एक लांब वही, हिशेबाच्या वहीसारखी, २००३ पासूनची. "खिडकीकडची पिवळी = मोठ्या मॅडम." त्या मोठ्या मॅडम २०११ ला निवृत्त झाल्या. मी वहीचे फोटो काढतोय आणि रोज संध्याकाळी तासभर काकांबरोबर फिरून त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करतोय. अर्ध्या रेकॉर्डिंगमध्ये कोणाचं लग्न कधी झालं ते आहे, पण त्यावरूनच तार कधीची ते कळतं.

चेंदणी कोळीवाडा | १८ सप्टेंबर, रात्री १०.१०

वही काकांबरोबर गावी जाऊ देऊ नका. काका गेले तरी चालेल.

ऑफिसवाली | १९ सप्टेंबर, दुपारी ३.००

ऑफिसच्या मशिनांवर कोणी बोललं नाही म्हणून. बिलं टाकायचं सेवार्थ, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, सरांची डिजिटल सहीची डोंगल, हे सगळं कुठल्या मशीनवर कुठल्या ब्राउजरमध्ये चालतं ते लिहून घ्या. महिनाअखेरीला हलताय, पगारबिलं अडकली तर प्राध्यापक प्रोजेक्टर विसरतील आणि तुम्हाला लक्षात ठेवतील.

तारवाला | ५ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

हात जोडून सगळ्यांचे आभार. झालं. आता सविस्तर.

शनिवारी सकाळी सात वाजता दोन ४०७ टेम्पो आणि एक छोटा हत्ती. लवकर निघालो, कारण माजिवडा-कापूरबावडी ओलांडायला उशीर केला की पुढे मानपाडा, पातलीपाडा, मेट्रोचे खांब मोजत बसायचं. पहिली खेप पावणेनऊला पोचली. लिफ्ट चालू नव्हती, परवानगीचा कागद यायचा होता. चौथा मजला, जिन्याने. हमालांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी सरांपर्यंत पोचवू शकलो नाही. रविवारी पाऊस एवढा की ताडपत्रीखालचे खोके गोणपाटाने पुसून वर घेतले. मॉनिटर चादरींत गुंडाळले होते, काकांच्या घरच्या. एकही फुटला नाही.

निर्लेखन समिती, दोन सह्यांची युक्ती केली. एक मॉनिटर कमी आलाच. तो छोट्या हत्तीच्या ड्रायव्हरच्या पायाशी सापडला, पाय टेकायला बरा पडतो म्हणे.

मग खरी मजा. ५५ पैकी १९ मशिनं चालू केल्यावर एफ-वन दाबा म्हणून अडून बसली. दाबलं तर विंडोज आलं, नेट आलं, पण कुठलीच साइट उघडेना. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणे. मी फायरवॉल तपासली, डीएनएस तपासलं, दीड तास घालवला. काकांनी मागून स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं: तारीख १ जानेवारी २०१३. मदरबोर्डवरचे घड्याळाचे सेल मेलेले होते. रात्रंदिवस प्लगला लावलेली मशिनं, वीज कधी पूर्ण गेलीच नाही म्हणून कोणाला कळलं नव्हतं. दोन दिवस प्लग निघाला आणि सगळी बारा वर्षं मागे गेली. आणि २०१३ सालात बसून बघितलं तर आजच्या साइटचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. सीआर २०३२ चे पंचवीस सेल ठाणे स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून आणले. त्याने विचारलं, एवढी घड्याळं बंद पडली?

लायसन्सचं मशीन चालू झालं पण लायसन्स देईना. मी रडायच्या बेतात. लायसन्स नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेलं असतं हे माहीत होतं, पत्ता तर वेगळाच दिसत होता. वहीत पान सापडलं: "लायसन = जादा कार्ड, आतलं नाही." म्हणजे मशीनमध्ये नंतर बसवलेलं एक कार्ड आहे, आणि ते टेम्पोत धक्क्याने स्लॉटमधून अर्धं वर आलं होतं. मशीनने मुकाट्याने मदरबोर्डचं कार्ड वापरलं. काढलं, पुसलं, घट्ट बसवलं, दोन मिनिटांत चालू.

ऑफिसच्या मॅडमचं मशीन ही वेगळीच गोष्ट. त्यावर श्रीलिपी आहे, मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर, पॅरलल पोर्टला लागणाऱ्या लॉकवालं, आणि १९९९ पासूनचे नमुने, दाखले, प्रश्नपत्रिका त्या फॉन्टमध्ये. दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळी बाराखडी विस्कटते. मॅडमने टेम्पोवर विश्वास ठेवायला साफ नकार दिला. लॉक पर्समध्ये, सीपीयू मांडीवर, नौपाडा ते कासारवडवली रिक्षाने. सगळ्या विभागात पहिलं चालू झालेलं मशीन तेच. युनिकोडमध्ये बदलून घेऊ म्हटलं तर म्हणाल्या, "आधी तुझं चालू कर."

जर्नल्स पहिल्या दिवसापासून उघडतायत. कोणालाच कळलं नाही की काही झालं होतं, म्हणजे कोणी आभारही मानले नाहीत. ग्रंथपाल मॅडम, मी मानतो.

खंडेनवमीला ऑफिसने सर्व्हरची पूजा केली. मी "लांबून करा" म्हणून सांगून प्रिंटर बघायला गेलो. परत आलो तर पुढच्या जाळीवर हळदकुंकू, आणि आतला पंखा ते आनंदाने ओढून घेतोय. ब्लोअरने उडवलं, माझा शर्ट अजून पिवळा आहे. झेंडूची माळ रॅकच्या दाराला राहू दिली, तिने काही बिघडत नाही.

प्रोजेक्टरने एकाच वर्गात डोळा मारला. एक्स्टेंडर आणून ठेवलेला होता.

काकांचा निरोप ३० ला नव्या इमारतीतच झाला. नव्या लॅबमध्ये त्यांनी जेमतेम दोन दिवस काम केलं.

प्राध्यापिका (हजेरीपुरती) | ५ ऑक्टोबर, दुपारी २.१०

काकांना आमचा नमस्कार सांगा. आणि त्या मॅडमना दुप्पट.

पोखरण रोड नं. २ | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

१४ तारीख जवळ येतेय, एवढंच म्हणतो.

तारवाला | ९ ऑक्टोबर, रात्री १०.५०

परीक्षा नीट पार पडतायत. पण धागा इतक्यात बंद करता येत नाहीये.

काल जुन्या जागेत शेवटची चक्कर मारली. पोटमाळ्यावर एक आठ पोर्टचा नेटवर्क स्विच (एका लाइनच्या अनेक करणारा डबा) राहिला होता, दिवे लुकलुकत होते. वहीत त्याच्यापुढे लिहिलेलं: "निळी - त.म. - काढू नये." मी आधीच "तपासून मग" असा अर्थ लावून ठेवला होता. तपासलं. आमच्या दोन्ही मजल्यांवर एकही मशीन नाही. काढला, पिशवीत टाकला, रिक्षा पकडली.

आज सकाळी साडेदहाला तळमजल्यावरच्या दुसऱ्या विभागातून फोन. त्यांचं नेट गेलंय. म्हटलं तुमच्या प्रोव्हायडरला विचारा. म्हणाले, कुठला प्रोव्हायडर?

काकांना गावी फोन लावला. ते भात बघत होते. "त.म. म्हणजे तळमजला रे. २००९ ला त्यांची लाइन यायची होती, तोवर तात्पुरती दिली होती आपली."

दुपारी स्विच परत नेऊन लावला. आता पंचाईत अशी की त्या लाइनचं बिल आमच्या विभागाच्या नावाने येतं आणि ती बंद करायचा अर्ज मी मागच्याच आठवड्यात दिला आहे. तळमजल्याच्या सरांनी आज संध्याकाळी तो अर्ज थांबवायचा अर्ज दिला.

निर्लेखन समिती | १० ऑक्टोबर, सकाळी ७.४०

तो स्विच डेडस्टॉकला कुठल्या विभागाच्या नावावर आहे?

तारवाला | १० ऑक्टोबर, सकाळी ९.१५

दोन्ही रजिस्टरं चाळली. कुठल्याच नाही.